गेमिंग पीसीला एसएसडी टाकताय? आधी मदरबोर्ड बघा, खोक्यावरचा वेग नंतर

दुकानात एसएसडी, म्हणजे हार्ड डिस्कऐवजी चिपमध्ये डेटा साठवणारी ड्राइव्ह, मागितली की काउंटरवर तीन-चार खोकी येतात आणि प्रत्येकावर ठळक अक्षरांत सेकंदाला किती एमबी वाचते याचा आकडा असतो: ५५०, ३५००, ५०००, ७४००. पहिल्यांदा घेणारा साहजिकच मोठ्या आकड्याकडे ओढला जातो. गेमिंगसाठी एसएसडी घेताना हा आकडा सगळ्यात शेवटी बघायचा. त्याआधी तीन गोष्टी ठरवायच्या: आपला मदरबोर्ड काय घेऊ शकतो, जागा किती लागणार आहे आणि एसएसडीच्या आत कोणत्या जातीची मेमरी आहे. या तीन गोष्टी जमल्या तर स्वस्तातली एसएसडीही वर्षानुवर्षं साथ देते. त्या चुकल्या तर महागडी एसएसडी अर्ध्या वेगाने चालते, नाहीतर बोर्डला दिसतच नाही.

एसएसडीने काय बदलतं

७२०० आरपीएमची हार्ड डिस्क सलग मोठी फाइल वाचताना सेकंदाला साधारण १५० एमबीपर्यंत जाते. पण गेममध्ये हजारो बारक्या फाइल्स विखुरलेल्या असतात. प्रत्येक फाइलसाठी आतला हेड सरकवावा लागतो, तबकडी फिरून यावी लागते आणि वेग एक-दोन एमबीवर घसरतो. लोडिंगचा पडदा संपता संपत नाही तो यामुळेच. एसएसडीत हलणारा भागच नाही, त्यामुळे हा सगळा वेळ वाचतो. मोठ्या नकाशाच्या गेममध्ये वेगाने गाडी पळवताना समोरची इमारत उशिरा उमटणं, चित्र क्षणभर अडकणं हेही कमी होतं.

सरासरी एफपीएस, म्हणजे सेकंदाला पडद्यावर येणाऱ्या चित्रांची संख्या, मात्र वाढत नाही. ते काम ग्राफिक्स कार्डाचं आणि प्रोसेसरचं. पीसीत अजून ८ जीबी रॅम असेल, तर एसएसडीच्या बजेटमधून थोडे पैसे काढून रॅम १६ जीबी करा. रॅम कमी पडली की विंडोज तो भार डिस्कवर टाकतं आणि एसएसडी कितीही वेगवान असली तरी रॅमची जागा घेऊ शकत नाही.

आणखी एक गोष्ट दुकानात सहसा सांगितली जात नाही. हार्ड डिस्कवरून साध्या साटा (जुन्या, संथ जोडणीच्या) एसएसडीवर आलं की फरक डोळ्यांना दिसतो. साटा एसएसडीवरून एनव्हीएमईवर (नव्या, वेगवान जोडणीच्या एसएसडीवर) गेल्यावर बहुतेक गेममध्ये लोडिंगला दोन-चार सेकंदांचाच फरक पडतो, कारण तिथे डेटा उलगडायचं काम प्रोसेसरकडे असतं आणि एसएसडी त्याची वाट बघत बसते. डायरेक्टस्टोरेज हे विंडोजमधलं डेटा लवकर लोड करायचं तंत्र वापरणारे गेम हा अडथळा कमी करतात, पण असे गेम अजून मोजकेच आहेत.

पायरी १: बोर्डचं नाव आणि स्लॉट

स्टार्ट मेनूत ‘सिस्टिम इन्फर्मेशन’ शोधून उघडा. तिथे ‘बेसबोर्ड प्रॉडक्ट’ समोर मदरबोर्डचं मॉडेल असतं आणि ‘बायोस मोड’ समोर यूईएफआय किंवा लेगसी यांपैकी एक शब्द. बायोस म्हणजे विंडोजच्या आधी चालू होणारं बोर्डाचं स्वतःचं सॉफ्टवेअर, यूईएफआय ही त्याची नवी पद्धत आणि लेगसी जुनी. दोन्ही लिहून ठेवा, पुढे दोन्ही लागतात. मग बोर्ड बनवणाऱ्या कंपनीच्या साइटवरून त्या मॉडेलचं मॅन्युअल उतरवा आणि त्यातला ‘स्टोरेज’चा भाग वाचा. दहा मिनिटांचं काम आहे, पण पुढचा सगळा निर्णय त्यावर उभा आहे.

जुने बोर्ड आधी घेऊ. एच६१ चिपसेटवर (चिपसेट म्हणजे बोर्डाची जात ठरवणारी मुख्य चिप) एम.२ स्लॉट, म्हणजे पट्टीसारखी एसएसडी थेट बोर्डात खोचायची जागा, नसतो आणि साटा पोर्टही ३ गिगाबिटचे असतात. तिथे कोणतीही साटा एसएसडी सेकंदाला २५० ते २८० एमबीच्या पुढे जात नाही. तरीही ती टाकावी, कारण खरा फायदा विखुरलेल्या फाइल्स वाचण्यात आहे आणि तो तिथेही पूर्ण मिळतो. वापरलेल्या पीसींच्या बाजारात चौथ्या पिढीच्या आय-फाइव्हसोबत येणारा एच८१ बोर्ड जरा बरा: त्यावर दोन साटा पोर्ट ६ गिगाबिटचे आणि दोन ३ गिगाबिटचे असतात. एसएसडी वेगवान पोर्टलाच जोडा, कोणता ते मॅन्युअलमध्ये दिलेलं असतं. अशा बोर्डासाठी कुणी ‘कार्ड लावून एनव्हीएमई बसवून देतो’ म्हणालं तर नको म्हणा. ते बायोस साधारणपणे एनव्हीएमईवरून विंडोज चालू करत नाहीत आणि ग्राफिक्स कार्ड बसल्यावर उरणारे छोटे स्लॉट मुळातच संथ असतात.

एम.२ स्लॉट असलेल्या बोर्डांवर प्रश्न पिढीचा असतो. पीसीआयई म्हणजे एनव्हीएमई एसएसडी बोर्डाशी ज्यावरून बोलते ती जोडणी. तिच्या ३.० पिढीच्या चार लेनवर (समांतर वाटांवर) सेकंदाला साधारण ३५०० एमबी, ४.० वर ७००० च्या थोडं पुढे आणि ५.० वर त्याच्या दुपटीच्या आसपास वेग मिळतो. एएमडीचे बी४५० आणि ए५२० बोर्ड ३.० वर थांबतात. बी५५० चा वरचा स्लॉट ४.० चा असतो, पण प्रोसेसर रायझन ५६००जी असेल तर तो ३.० वरच चालतो, कारण त्या प्रोसेसरमध्येच ४.० नाही. ग्राफिक्स कार्ड पुढे कधीतरी घेऊ म्हणून ५६००जी घेतलेल्यांनी हे जरूर लक्षात ठेवावं. इंटेलमध्ये बी५६० ची अशीच गंमत आहे: बऱ्याच बोर्डांवर वरचा एम.२ स्लॉट अकराव्या पिढीचा प्रोसेसर असेल तरच जागा होतो. दहाव्या पिढीचा प्रोसेसर लावून त्यात एसएसडी खोचली की ती दिसतच नाही आणि लोक चांगली एसएसडी परत करायला निघतात. एच६१० वर बहुधा ३.० असतं, बी६६० आणि बी७६० वर ४.०.

नव्या पिढीची एसएसडी जुन्या स्लॉटमध्ये चालते, फक्त स्लॉटच्या वेगाने. म्हणून ३.० च्या बोर्डावर ४.० ची एसएसडी त्याच किमतीत मिळत असेल तर खुशाल घ्या, उद्या बोर्ड बदलला तर कामी येईल. त्यासाठी जास्तीचे पैसे मात्र मोजू नका.

मॅन्युअलमध्ये आणखी दोन गोष्टी बघायच्या. एक, स्लॉट फक्त एनव्हीएमई घेतो की साटा प्रकारची एम.२ एसएसडीही घेतो. दोन्ही दिसायला जवळपास सारख्या असतात. सोनेरी पट्टीत दोन खाचा असतील तर ती बहुधा साटा, एकच खाच असेल तर बहुधा एनव्हीएमई. नुसत्या खाचांवर विसंबू नका, खोक्यावर काय छापलंय ते वाचा. दोन, एम.२ मध्ये एसएसडी बसवल्यावर कोणता साटा पोर्ट बंद पडतो. बऱ्याच बोर्डांवर असं होतं आणि नेमका तिथेच जुनी हार्ड डिस्क जोडलेली असेल तर ती अचानक गायब होते. हार्ड डिस्क बिघडलेली नसते, तिची केबल दुसऱ्या पोर्टला लावली की परत दिसते.

लांबीही बघा. २२८० म्हणजे २२ मिलिमीटर रुंद आणि ८० मिलिमीटर लांब, डेस्कटॉपला हीच लागते. बोर्डावर वायफाय कार्डासाठीही तसाच दिसणारा एक आखूड स्लॉट असू शकतो, त्यात एसएसडी बसत नाही.

पायरी २: जागा किती

कंपन्या १ टीबी म्हणजे एक लाख कोटी बाइट धरतात आणि विंडोज वेगळ्या हिशेबाने मोजतं, म्हणून १ टीबीची एसएसडी विंडोजमध्ये ९३१ जीबी दिसते आणि ५०० जीबीची ४६५. यात फसवणूक काही नाही.

आता गणित मांडू. विंडोज, अपडेट आणि रोजची सॉफ्टवेअर यांना १०० जीबी धरा. एसएसडीची १५ टक्के जागा मोकळी ठेवायची, ती का ते पुढे येईल. ५०० जीबीत उरले साधारण २९५ जीबी, १ टीबीत ६९०. बाल्डर्स गेट ३ ला १५० जीबी लागतात, रेड डेड रिडेम्प्शन २ ला १५०, स्टारफील्डला १२५. म्हणजे ५०० जीबीत मोठे गेम जेमतेम दोन आणि १ टीबीत चार-पाच. बाल्डर्स गेट ३ आणि स्टारफील्डच्या किमान अटींतच एसएसडी लिहिलेली आहे, त्यामुळे ‘गेम हार्ड डिस्कवर ठेवू, विंडोज एसएसडीवर’ ही जुनी वाटणी नव्या गेमना चालत नाही.

आमचं मत स्पष्ट आहे: मोठे गेम खेळायचे असतील तर १ टीबी घ्या. फक्त व्हॅलोरंट आणि काउंटर-स्ट्राइकसारखे एक-दोन गेम असतील तर ५०० जीबी पुरते. २५० जीबी गेमिंगसाठी घेऊच नका. जागा लवकर भरते हे एक आणि लहान एसएसडीत मेमरीच्या चिप कमी असल्याने लिहिण्याचा वेगही कमी असतो हे दुसरं.

पायरी ३: आतली मेमरी

इथे जरा थांबून वाचा, कारण बहुतेकांचे पैसे इथेच चुकतात.

टीएलसी मेमरीच्या एका पेशीत तीन बिट साठवतात, क्यूएलसीत चार. चार बिट म्हणजे तेवढ्याच चिपमध्ये जास्त जागा, म्हणून क्यूएलसी स्वस्त. पण चार बिट नेमके लिहायला वेळ जास्त लागतो आणि पेशी लवकर झिजते. हा संथपणा झाकण्यासाठी एसएसडी मेमरीचा काही भाग एक बिट पद्धतीने वापरते, आलेला डेटा आधी तिथे भराभर उतरवून घेते आणि नंतर सावकाश मूळ जागी नेते. खोक्यावरचा लिहिण्याचा आकडा या वेगवान भागाचाच असतो. तो भरला की खरा वेग उघडा पडतो. सॅमसंग ८७० क्यूव्हीओच्या १ टीबी मॉडेलमध्ये हा भाग ४२ जीबीचा आहे, त्यानंतर लिहिण्याचा वेग सेकंदाला ८० एमबीवर येतो. दुसऱ्या एसएसडीवरून १५० जीबीचा गेम तिच्यावर हलवायचा म्हटलं तर पहिले ४२ जीबी दीड मिनिटात जातात आणि उरलेल्या १०८ जीबीला बावीस-तेवीस मिनिटं लागतात.

बऱ्याच एसएसडींत मोकळी जागा जितकी कमी, तितका हा वेगवान भागही आकसतो. पंधरा टक्के जागा सोडायची ती यासाठी. शिवाय आतल्या साफसफाईलाही तिला हात-पाय हलवायला जागा लागते.

खोक्यावरचा आकडा किती कमी सांगतो याचं उदाहरण घ्या. क्रुशियल पी३ प्लस आणि डब्ल्यूडी ब्लॅक एसएन७७०, दोन्हींची १ टीबी मॉडेल. वाचनाचा वेग एकीचा ५०००, दुसरीचा ५१५०, म्हणजे जवळपास सारखाच. पण पहिली क्यूएलसी आहे आणि तिची लेखनाची हमी २२० टीबीडब्ल्यू. दुसरी टीएलसी, हमी ६०० टीबीडब्ल्यू. टीबीडब्ल्यू म्हणजे वॉरंटीच्या मुदतीत एकूण किती टेराबाइट लिहिले तरी कंपनी जबाबदारी घेते तो आकडा.

या आकड्याची धास्ती घेऊ नका. रोज ५० जीबी लिहिले तरी वर्षाला साधारण १८ टीबी होतात. ६०० टीबी संपायला तीस वर्षांहून जास्त लागतील. त्याचा खरा उपयोग आतल्या मेमरीचा अंदाज बांधण्यासाठी: १ टीबीला ६०० च्या आसपास असेल तर बहुधा टीएलसी, २०० च्या आसपास असेल तर क्यूएलसीची शंका घ्या. नियम पक्का नाही, क्रुशियल एमएक्स५०० टीएलसी आणि ८७० क्यूव्हीओ क्यूएलसी असूनही दोघींच्या १ टीबीला ३६० च आहे. म्हणून मॉडेलचं नाव घालून टीएलसी की क्यूएलसी हे वेगळं तपासाच. काही स्वस्त मॉडेलांत एकाच नावाखाली वेगवेगळ्या काळात वेगवेगळ्या चिप येतात. कंपनी मेमरीचा प्रकार कुठेच सांगत नसेल तर आपणही कमी धरूनच किंमत करावी.

मग डीरॅम. काही एसएसडींत डेटा कुठे ठेवलाय त्याची यादी सांभाळायला स्वतंत्र डीरॅम चिप असते. ती नसलेल्या एनव्हीएमई एसएसडी पीसीच्या रॅममधला थोडा भाग उसना घेतात आणि गेमिंगला ते पुरतं. साटा एसएसडीला मात्र ही सोय नाही. त्यामुळे विंडोज ठेवायची साटा एसएसडी घेताना डीरॅम असलेलीच शोधा: सॅमसंग ८७० इव्हो किंवा एमएक्स५००.

ढोबळ निवड अशी करा. एम.२ नसलेला बोर्ड: वरच्या दोनपैकी एक साटा एसएसडी. एम.२ आहे, बजेट बेताचं: टीएलसी असलेली, डीरॅम नसलेली ४.० एनव्हीएमई, एसएन७७० च्या वर्गातली. व्हिडिओ एडिटिंगही करायचं, मोठ्या फाइल्स सतत हलवायच्या: डीरॅमसह ४.०, म्हणजे सॅमसंग ९९० प्रो किंवा डब्ल्यूडी ब्लॅक एसएन८५०एक्स. ५.० ची एसएसडी आज गेमसाठी घेण्यात अर्थ नाही, ती तापते जास्त आणि तिचा वेग गेम वापरत नाहीत. क्यूएलसीला एक जागा आहे: विंडोज दुसऱ्या एसएसडीवर असेल आणि ही फक्त गेम साठवायला हवी असेल तर, कारण गेम एकदा लिहिला की पुढे नुसता वाचला जातो. तेव्हाही किमतीतला फरक चांगला घसघशीत असला पाहिजे.

पायरी ४: खरेदी

सांगली, मिरज, कराड, सातारा, कुठेही घ्या, जीएसटीचं पक्कं बिल घ्या आणि त्यावर सिरियल नंबर लिहून घ्या. ‘दादा, टीएलसी आहे का आणि वॉरंटी किती वर्षांची?’ एवढं आधी विचारा. चांगल्या एसएसडीला पाच वर्षं असते, हलक्यांना तीन. वॉरंटीत पाठवायची वेळ आली तर दुकान पाठवतं की आपल्याला कंपनीशी बोलावं लागतं, हेही तिथेच विचारून घ्या. ऑनलाइन दोन-तीनशे रुपये वाचत असतील तर जवळच्या दुकानातून घेणं परवडतं. फरक मोठा असेल तर विक्रेता कोण आहे ते बघून ऑनलाइन घ्या. भारताची वॉरंटी नसलेला बाहेरून आलेला माल टाळा.

अनोळखी नावाची २ टीबी एसएसडी ५०० जीबीच्या भावात दिसली तर ती खोटी समजा. अशा डब्यांत मेमरी कार्ड बसवून विंडोजला खोटी क्षमता दाखवलेली असते. भरत गेलं की आधीचा डेटा पुसला जातो.

पुढच्या गोष्टी घेतल्याशिवाय दुकानातून निघू नका: साटा एसएसडी असेल तर साटा डेटा केबल, ती खोक्यात सहसा नसते. एम.२ असेल तर एम२ मापाचा बारीक स्क्रू आणि खालचा स्टँडऑफ (स्क्रू ज्यात बसतो तो छोटा खुंट), जो बोर्डाच्या खोक्यात असतो आणि खोकं केव्हाच रद्दीत गेलेलं असतं. शिवाय कमीत कमी ८ जीबीचा पेनड्राइव्ह. एसएमपीएसला (पीसीला वीज पुरवणाऱ्या डब्याला) मोकळा साटा पॉवर कनेक्टर आहे ना ते घरून निघतानाच बघून ठेवा. मोलेक्सवरून (जुन्या चार पिनांच्या पॉवर कनेक्टरवरून) साटा करणारे प्लॅस्टिकच्या एकाच साच्यात ओतलेले स्वस्त अडॅप्टर वापरू नका, त्यांत आतल्या तारा एकमेकींना टेकून जळाल्याची उदाहरणं आहेत.

पायरी ५: बसवणं

फोटो, अभ्यासाच्या फाइल्स, गेमचे सेव्ह यांची आधी दुसरीकडे प्रत काढा. विंडोजवर बिटलॉकर किंवा डिव्हाइस एन्क्रिप्शन (डिस्कवरचा डेटा कुलूपबंद करणारी सोय) चालू असेल तर ४८ अंकी रिकव्हरी की कागदावर लिहून ठेवा.

पीसी बंद करा, भिंतीवरचं बटण बंद करा, प्लग काढा आणि पॉवरचं बटण दहा सेकंद दाबून धरा, म्हणजे आत साठलेली वीज उतरते. नायलॉनचे कपडे टाळा, कॅबिनेटच्या उघड्या धातूला हात लावून मग काम सुरू करा. एम.२ स्लॉट बहुधा ग्राफिक्स कार्डाच्या आसपास असतो. कार्ड काढायचं असेल तर आधी त्याचे स्क्रू काढा, मग स्लॉटच्या टोकाची खिटी दाबा. खिटी न दाबता ओढलं तर स्लॉटच तुटतो.

स्टँडऑफ ८० मिलिमीटरच्या भोकात बसवा. एसएसडी साधारण ३० अंशांच्या कोनात स्लॉटमध्ये सरकवा, सोनेरी पट्टी जवळजवळ दिसेनाशी झाली पाहिजे. मग दुसरं टोक खाली दाबून स्क्रू लावा. स्क्रू टेकला की थांबा. जास्त आवळला तर त्याचा माथा घासतो आणि पुढच्या वेळी निघत नाही. बोर्डाला हीटसिंक (उष्णता ओढून घेणारी धातूची पट्टी) असेल तर त्याच्या थर्मल पॅडवरची पातळ प्लॅस्टिकची फिल्म काढायला विसरू नका, ती राहिली तर हीटसिंक असून नसल्यासारखा. एसएसडीवरचं लेबल मात्र काढू नका, सिरियल नंबर त्यावर असतो आणि ते काढलं की वॉरंटी जाते.

साटा एसएसडी कुठेही, कशीही, उभी-आडवी बसवली तरी चालते. कॅबिनेटला जागा नसेल तर चांगली डबल टेप पुरते.

आपल्याकडच्या हवेबद्दल थोडं. सांगली-मिरजेत एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीला टेकतो आणि ग्राफिक्स कार्डाखाली दडलेली एनव्हीएमई गेम चालू असताना चांगलीच तापते. कंट्रोलर, म्हणजे एसएसडी चालवणारी आतली चिप, ठरावीक तापमानाला पोचला की स्वतःहून वेग कमी करतो. ३.० च्या एसएसडीला सहसा हीटसिंक लागत नाही, ४.० च्या वेगवान एसएसडीला लावाच. बोर्डाचा हीटसिंक असेल तर हीटसिंकवाली एसएसडी घेऊ नका, दोन्ही एकावर एक बसत नाहीत. गळीत हंगामात शेतात पाचट पेटवलं की काजळी घरात येते, पंख्यांच्या जाळीवर साचते. त्या दिवसांत जाळी महिन्यातून एकदा साफ करा.

विजेचं म्हणाल तर, गावात मोटारी चालू-बंद होताना दाब हलतो आणि पावसाळ्यात लाइट केव्हाही जाते. विंडोज बसवताना, क्लोन करताना (जुन्या डिस्कची हुबेहूब प्रत नव्या डिस्कवर उतरवताना) किंवा एसएसडीचं फर्मवेअर (आतलं सॉफ्टवेअर) अपडेट करताना मध्येच वीज गेली तर सगळं काम पहिल्यापासून करावं लागतं, फर्मवेअरच्या बाबतीत एसएसडी कायमची बंदही पडू शकते. ६०० व्हीएचा यूपीएस साधारण ३६० वॉटचा असतो, ग्राफिक्स कार्ड असलेल्या पीसीला तो अपुरा पडतो. १००० व्हीएच्या पुढचा घ्या. तो नसेल तर ही कामं करताना निदान गेम आणि बाकी सगळं बंद ठेवा आणि ढगाळ संध्याकाळ टाळा.

पायरी ६: विंडोज नव्याने की क्लोन

जुनं विंडोज दोन-तीन वर्षांचं झालं असेल तर नव्यानेच टाका. दुसऱ्या चांगल्या पीसीवर मायक्रोसॉफ्टच्या साइटवरून मीडिया क्रिएशन टूल घेऊन पेनड्राइव्ह तयार करा आणि लॅन-वायफायचा ड्रायव्हर त्यातच टाकून ठेवा, कारण विंडोज ११ बसताना इंटरनेट मागतं. विंडोज १० ची नेहमीची अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबली. विंडोज ११ ला टीपीएम २.० (पीसीतली सुरक्षेची सोय) आणि इंटेलची किमान आठवी पिढी लागते. विंडोजचं डिजिटल लायसन्स बोर्डाशी जोडलेलं असतं, डिस्क बदलल्याने ते जात नाही.

सगळ्यात महत्त्वाचं: विंडोज बसवताना जुन्या हार्ड डिस्कची केबल काढून ठेवा. ती जोडलेली राहिली तर इन्स्टॉलर बूटची फाइल तिच्यावरच टाकू शकतो. मग विंडोज एसएसडीवर आणि बूट हार्ड डिस्कवर अशी विभागणी होते आणि पुढे कधी हार्ड डिस्क काढली की पीसी चालूच होत नाही. बूट मेनूत पेनड्राइव्हच्या दोन नोंदी दिसल्या तर ‘यूईएफआय’ लिहिलेली निवडा.

क्लोन करायचं असेल तर कंपनीचं स्वतःचं सॉफ्टवेअर किंवा क्लोनझिला वापरा. बिटलॉकर आधी थांबवा. सुरुवातीला ‘बायोस मोड’ लेगसी लिहून घेतला असेल तर एनव्हीएमईवरून ते विंडोज उठणार नाही. विंडोजमध्येच असलेलं एमबीआरटूजीपीटी हे साधन डिस्कची मांडणी बदलून देतं, त्यानंतर बायोसमध्ये यूईएफआय करायचं. क्लोन झाल्यावर पहिल्यांदा चालू करताना जुनी डिस्क काढलेली ठेवा, नाहीतर पीसी कुठल्या डिस्कवरून उठला हेच कळत नाही.

गेम परत डाउनलोड करू नका. १०० एमबीपीएसच्या लाइनवर १५० जीबीला तीन तास वीस मिनिटं लागतात, ४० वर आठ तासांच्या पुढे. स्टीममध्ये सेटिंग्जमधल्या ‘स्टोरेज’मध्ये नवी ड्राइव्ह जोडा, गेम निवडा आणि ‘मूव्ह’ करा. ५०० जीबी हार्ड डिस्कवरून हलवायला तास-सव्वा तास लागेल, कारण वेग हार्ड डिस्कचाच असतो.

दिसत नाही, चालत नाही, संथ आहे

बायोसमध्ये एसएसडी दिसते पण ‘धिस पीसी’त नाही: ती फक्त नवी आहे. ‘डिस्क मॅनेजमेंट’ उघडा, जीपीटी निवडून इनिशियलाइझ करा, नवा व्हॉल्यूम तयार करून एनटीएफएसमध्ये फॉर्मॅट करा. करताना क्षमता बघून डिस्क ओळखा, घाईत जुनी डिस्क निवडली तर तिच्यावरचं सगळं जातं.

बायोसमध्येच दिसत नाही: एसएसडी काढून पुन्हा नीट खोचा. मग स्लॉट साटाचा की एनव्हीएमईचा, प्रोसेसर तो स्लॉट चालवतो का, हे मॅन्युअलमध्ये पुन्हा तपासा. दुसरा स्लॉट असेल तर त्यात लावून बघा.

विंडोजच्या इन्स्टॉलरला दिसत नाही: इंटेलच्या अकराव्या पिढीपासून, विशेषतः लॅपटॉपमध्ये, बायोसमध्ये व्हीएमडी (इंटेलची एसएसडी सांभाळण्याची पद्धत) चालू असतं. ते बंद करा किंवा इंटेलचा आरएसटी ड्रायव्हर पेनड्राइव्हवरून द्या. आधीच विंडोज असलेल्या मशीनवर मात्र ते सहज म्हणून बंद करू नका, जुनं विंडोज उठायचं थांबतं. जुन्या बोर्डावर साटा मोड आयडीई असेल तर नव्याने विंडोज टाकण्याआधी एएचसीआय करा.

वेग अर्धाच येतोय: क्रिस्टलडिस्कइन्फो हे डिस्कची माहिती दाखवणारं सॉफ्टवेअर उघडा. ‘ट्रान्स्फर मोड’मध्ये सध्याचा आणि कमाल असे दोन आकडे शेजारी असतात. ते वेगळे असतील तर स्लॉट कमी पडतोय. तिथेच चालू राहिलेले तास आणि एकूण लेखनही दिसतं. नवी म्हणून घेतलेल्या एसएसडीवर शेकडो तास दिसले तर ती त्याच दिवशी बिलासह परत करा.

एसएसडी डिफ्रॅग (फाइल्सचे विखुरलेले तुकडे सलग लावणं) करायची नसते. विंडोजचं ‘ऑप्टिमाइझ ड्राइव्हज’ तिला ओळखून फक्त ट्रिम (पुसलेल्या फाइल्सची जागा मोकळी करायला सांगणारा आदेश) चालवतं, ते चालू राहू द्या. ट्रिममुळे पुसलेली फाइल परत मिळवणं जवळपास अशक्य होतं. हार्ड डिस्क हळूहळू आवाज करत जाते, एसएसडी बऱ्याचदा काही न सांगता एका क्षणात बंद पडते. वॉरंटीत नवी एसएसडी मिळते, डेटा मिळत नाही.

म्हणून जुनी हार्ड डिस्क विकू नका. क्रिस्टलडिस्कइन्फोमध्ये तिची तब्येत ‘गुड’ असेल तर आठवड्यातून एकदा महत्त्वाच्या फाइल्सची प्रत तिच्यावर घ्या. ‘कॉशन’ असेल तर तिच्यावर जुने चित्रपट ठेवा, फोटो नको. सांगलीत नदीकाठच्या भागात तळमजल्यावर पीसी असेल, तर पावसाळ्याआधी ही डिस्क काढून वरच्या मजल्यावर किंवा दुसऱ्या गल्लीतल्या नातेवाइकांकडे ठेवा. साटावरून यूएसबी करणाऱ्या केबलने ती कोणत्याही पीसीला जोडता येते. साडेतीन इंची डिस्क असेल तर स्वतःचा अडॅप्टर असलेली केबल घ्या, नुसत्या यूएसबीच्या विजेवर ती फिरत नाही.